मेंदूज्वर कुठून घरात शिरतो

बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यात मे महिना सरत आला की लिचीच्या बागा लाल होतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास दर उन्हाळ्यात याच दिवसांत तिथली लहान मुले आजारी पडू लागली. रात्री धडधाकट झोपलेले मूल पहाटे किंचाळून उठायचे, हातपाय ताठ व्हायचे, आकडी यायची आणि शुद्ध हरपायची. काही तासांत कित्येक मुले दगावत. पावसाने जोर धरला की साथ आपोआप ओसरायची आणि पुढच्या लिचीपर्यंत विषय मागे पडायचा. गावात या दुखण्याला ‘चमकी बुखार’ म्हणत. ऊन बाधते, बागेत फवारलेल्या औषधांची विषबाधा होते, कुठला तरी नवा विषाणू आला आहे, असे तर्क वर्षानुवर्षे चालले. विषाणू शोधायला पथके आली, पाठीच्या मणक्यातले पाणी तपासले गेले. हाती काही लागले नाही.

वेल्लोरचे विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन आणि मुझफ्फरपूरचेच बालरोगतज्ज्ञ अरुण शाह यांनी वेगळी शंका घेतली. जमैकात ॲकी नावाचे कच्चे फळ खाऊन मुले अशीच दगावत. लिची त्याच कुळातली. २०१४ मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्र आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांनी मिळून रीतसर तपास केला. त्या हंगामात दोन मोठ्या रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली, त्यांतली १२२ वाचली नाहीत. संशोधकांनी १०४ आजारी मुलांची १०४ इतर मुलांशी तुलना केली, तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे वर आल्या. आजारी मुलांपैकी अनेकांनी आदल्या दिवशी लिची खाल्ली होती आणि त्यांच्यातली बरीच रात्रीचे न जेवता झोपली होती. लिचीतल्या हायपोग्लायसिन आणि त्याच्यासारख्या आणखी एका द्रव्यामुळे शरीराला चरबी जाळून ऊर्जा मिळवता येत नाही आणि नवी साखरही बनवता येत नाही. पोटभर जेवलेल्या मुलाच्या यकृतात साखरेचा साठा असतो, त्याचे निभावते. दिवसभर बागेत पडलेली लिची वेचून खाणारे, आधीच कुपोषित, उपाशी झोपलेले पोर पहाटे त्या साठ्याचा तळ गाठते आणि मेंदू अन्नावाचून कोलमडतो.

उपाय विलक्षण साधा निघाला. लिचीच्या दिवसांत मुलाला रात्री जेवू घातल्याशिवाय झोपवायचे नाही. आकडी आलेले मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचले की आधी रक्तातली साखर बघायची आणि शिरेतून ग्लुकोज द्यायचे, मगच पुढे पाठवायचे. हा सल्ला गावोगाव गेला तशी पुढची काही वर्षे मृत्यू घटले. २०१९ च्या भीषण उन्हाळ्यात मात्र पुन्हा दीडशेहून अधिक मुले गेली. डाळ-भाताच्या एका ताटाने टळणारे मरण टळले नाही, कारण ज्या घरांत ते ताटच रोज नसते तिथे सल्ला भिंतीवरच्या पत्रकापाशी थांबतो. मुझफ्फरपूरच्या प्रकरणात लिचीचीच बदनामी जास्त झाली. भुकेची तेवढी झाली असती तर बरे झाले असते.

काटेकोर वैद्यकीय भाषेत हा मेंदूज्वर ठरत नाही. मेंदूज्वरात मेंदूच्या पेशींना सूज येते, बहुधा विषाणूमुळे, क्वचित जिवाणू किंवा अमिबामुळे, तर कधी शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटल्यामुळे. पण रुग्णालयाच्या दारात आलेले, तापलेले, झटके देणारे मूल आपल्या आजाराचे नाव सांगत नाही. म्हणून सरकारी नोंदीत ‘एईएस’ (ॲक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम) नावाची एक मोठी टोपली आहे. तापासोबत अचानक आलेली बेशुद्धी किंवा गोंधळलेपण अथवा नव्याने सुरू झालेले झटके, असा कुठलाही रुग्ण आधी तिच्यात पडतो. साथ उठली आहे हे ओळखायला ही टोपली कामाची. आजार टाळायला ती पुरत नाही. डास, वाळूमाशी, माइट, वटवाघूळ, पिसाळलेले कुत्रे, तळ्याचे पाणी, उपाशी पोट, यांतली प्रत्येक वाट वेगळी आहे आणि एका वाटेवरचा पहारा दुसरीवर कुचकामी ठरतो. या विषयात शिरणाऱ्याने ‘मेंदूज्वर कसा टाळावा’ असे न विचारता ‘इथला, या ऋतूतला मेंदूज्वर कसा टाळावा’ असे विचारावे. सवाल असा मांडला की उत्तरे बरीच हातात येतात.

चुकीच्या वाटेवर पहारा बसवला की काय होते, हे मलेशियाने १९९८-९९ मध्ये पाहिले. वराहपालन करणाऱ्या वस्त्यांत मेंदूज्वराची साथ आली आणि सर्वांनी तो जपानी मेंदूज्वरच धरला. डासांवर फवारण्या झाल्या, लसी टोचल्या गेल्या, माणसे मरतच राहिली. खटकण्याजोगी बाब एकच होती. रुग्ण होते ते गोठ्यात राबणारे प्रौढ पुरुष, आणि जपानी मेंदूज्वर तर मुलांना गाठतो. अखेर निपाह हा नवा विषाणू सापडला. फळबागेत आलेल्या वटवाघळांकडून तो डुकरांत आणि डुकरांच्या निकट संपर्कातून माणसांत उतरला होता. २६५ रुग्ण, १०५ मृत्यू आणि दहा लाखांवर डुकरांची कत्तल एवढी किंमत मोजल्यावर फळझाडे आणि डुकरांचे गोठे एकमेकांपासून लांब ठेवण्याचा साधा नियम तिथे रुजला.

भारतात मेंदूज्वर म्हटले की गोरखपूर आठवते. पूर्व उत्तर प्रदेशात जपानी मेंदूज्वराची पहिली मोठी साथ १९७८ मध्ये आली आणि मग दर पावसाळ्यात येतच राहिली. २००५ मध्ये तर एका हंगामात हजारावर मृत्यू झाले, बहुतेक मुलांचे. या विषाणूचे खरे घर माणूस नव्हे. बगळे, ढोकरी, रातबगळे यांसारख्या पाणपक्ष्यांत तो मुक्काम करतो आणि डुकरांत त्याची संख्या झपाट्याने वाढते. भातखाचरातल्या साचलेल्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास त्याला इकडून तिकडे नेतात. माणसाच्या रक्तात तो इतका थोडा असतो की एका रुग्णाकडून दुसऱ्याला तो डासामार्फतही जात नाही. त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवून काही साधत नाही. लागण झालेल्या सुमारे अडीचशे जणांत एखाद्यालाच मेंदूज्वर होतो, पण झाला की दगावण्याचे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत जाते आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळांना अपंगत्व, अपस्मार किंवा मतिमंदत्व चिकटते.

हे डास मुख्यतः घराबाहेर, तिन्हीसांजेपासून रात्रीपर्यंत चावतात. म्हणून शहरी सवयीने साथीनंतर गल्लीतून धूर सोडत फिरणारे यंत्र इथे दिखाऊच जास्त. भातखाचरे कोरडी ठेवा असे शेतकऱ्याला सांगणेही हास्यास्पद. खरे काम केले ते लसीने. १९६० च्या दशकापर्यंत जपानमध्ये वर्षाला हजारांच्या घरात रुग्ण सापडत. मुलांचे लसीकरण आणि वस्तीपासून दूर गेलेले वराहपालन यांच्या जोरावर ती संख्या बहुतेक वर्षी दहाच्या आत आली. भारतात २००५ च्या आघातानंतर २००६ पासून बाधित जिल्ह्यांत मुलांना लस देणे सुरू झाले. पुढे कोलार भागातल्या रुग्णापासून मिळालेल्या विषाणूवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या सहकार्याने देशी लसही तयार झाली आणि ती २०१३ मध्ये आली. सरकारी कार्यक्रमात ही लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात, मात्र जिथे हा आजार आढळतो त्याच जिल्ह्यांत. त्या जिल्ह्यांबाहेरच्या पालकाने तिचे नाव बहुधा ऐकलेले नसते ते यामुळे. विदर्भातल्या भातपट्ट्यात आशाताई तिची आठवण द्यायला दारात येते, तेव्हा ती टाळण्याचे कारण नाही.

गोरखपूरची गोष्ट इथे संपायला हवी होती. लस आली, जपानी मेंदूज्वर घटला, तरी बाबा राघव दास मेडिकल कॉलेजचे वॉर्ड दर ऑगस्टला भरतच राहिले. दूषित पाण्यातले विषाणू कारण असावेत म्हणून उथळ हातपंपांवर लाल रंगाच्या खुणा झाल्या. मग २०१४ ते २०१६ या काळातल्या तपासण्यांनी चित्र पालटले. एईएसच्या निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसची लक्षणीय चिन्हे मिळाली. हा विषाणूच नव्हे. हा जिवाणू गवतात, झुडपांत आणि उंदीर-घुशींच्या अंगावर वावरणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्याच्या अळीतून शरीरात शिरतो. चावलेल्या जागी कधी कधी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, बहुधा काखेत, जांघेत किंवा कानामागे, म्हणजे आई बघत नाही अशाच ठिकाणी. सुरुवातीचे काही दिवस नुसता ताप असतो. त्या दिवसांत डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन ही स्वस्त, प्रत्येक सरकारी दवाखान्यात असणारी औषधे मिळाली तर रोग मेंदूपर्यंत पोचण्याआधीच अडतो.

एवढ्या वर्षांत किती मुले या दोन गोळ्यांवाचून गेली असतील, हा विचार अस्वस्थ करतो. कुणी हलगर्जीपणा केला असे म्हणावे, तर तसेही नाही. सगळ्यांचे डोळे विषाणूवर खिळले होते, इतकेच. कारण कळल्यावर गोरखपुरातल्या मुलांच्या राहणीचा अभ्यास झाला. घरात किंवा अंगणात रचलेले सरपण, गुरांच्या वैरणीची हाताळणी, उघड्यावर शौचाला जाणे, या गोष्टी आजारी मुलांच्या बाबतीत जास्त आढळल्या. सरपणाची रास निजायच्या जागेपासून लांब, जमिनीपासून उंच रचणे, घराभोवतीचे गवत कापणे, शेतातून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलणे, मुलाला गवतावर उघडे न बसवणे अशी ही कामे आहेत. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या विदर्भात स्क्रब टायफसने बळी घेतले, तेव्हा हा सल्ला एकाएकी मराठी झाला.

नागपूरचे नाव तर मेंदूज्वराच्या जागतिक इतिहासात आधीच कोरले गेले आहे. १९६५ मध्ये तिथे डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ चालू होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी तापाच्या रुग्णांचे रक्त तपासले. दोघांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू निघाला. नागपूरजवळच्या ज्या गावाशी तो जोडलेला होता त्यावरून त्याला चांदीपुरा म्हटले गेले. हे दोन्ही रुग्ण प्रौढ होते आणि त्यांना साधा ताप होता. त्यामुळे हा विषाणू जवळपास चार दशके प्रयोगशाळेच्या कपाटातला एक कुतूहलाचा नमुना होऊन राहिला.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात, त्यातही आजच्या तेलंगणाच्या भागात, ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. विदर्भातही रुग्ण निघाले. २००४ मध्ये गुजरातच्या पूर्व भागात हाच विषाणू आणखी क्रूर निघाला, तिथे चारपैकी सुमारे तीन मुले वाचू शकली नाहीत. ताप, उलटी, झटके, बेशुद्धी हा सगळा प्रवास एक-दोन दिवसांत संपतो. चांदीपुऱ्यावर लस नाही, खास औषध नाही. म्हणजे जे काही करायचे ते चावा बसण्याआधीच.

आणि चावते कोण? वाळूमाशी. नावात माशी असली तरी ती डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी, दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, पंख उभे धरून बसणारी. तिची गुणगुण ऐकू येत नाही. तिला फार उडता येत नाही, ती जमिनीलगत टुणटुण उड्या मारत सरकते. दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत, दगडी जोत्याच्या चिरांत, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडते आणि रात्री बाहेर पडते. मुख्य म्हणजे ती साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. तिच्या अळ्या ओलसर, शेण-पालापाचोळा मिसळलेल्या मातीत वाढतात. ‘पाणी साचू देऊ नका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ हा डेंग्यूच्या दिवसांत पाठ झालेला मंत्र तिच्यापुढे निरुपयोगी आहे. साधी मच्छरदाणीही पुरत नाही, कारण जाळी रुंद असली तर ती आरपार येते. बारीक जाळीची, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणीच हवी.

तेव्हा चांदीपुऱ्याशी लढाई भिंतीवर होते. मृगाच्या आधी भेगा लिंपणे, शक्य असेल तिथे चुना मिसळलेल्या मातीचा किंवा सिमेंटचा गिलावा करणे, गोठा आणि उकिरडा घरापासून दूर नेणे, खोलीत उजेड आणि वारा येऊ देणे, संध्याकाळी मुलांना अंगभर कपडे घालणे. काळा आजार पसरवणारी माशीही वाळूमाशीच, म्हणून बिहारात त्या आजारासाठी भिंतींवर सहा फुटांपर्यंत फवारणी होते. वाळूमाशी त्याहून वर सहसा जात नाही. २०२४ मध्ये गुजरातेत साथ उठल्यावर आरोग्य कर्मचारी भेगांमध्ये मॅलेथिऑनची भुकटी भरत गावोगाव फिरले. पण गावातल्या निम्म्या घरांत गुरे आणि माणसे एकाच छपराखाली असतील, तर ही भुकटी किती दिवस पुरणार? ‘गोठा लांब न्या’ हा सल्ला ज्याच्याकडे लांब जागा आहे त्यालाच पाळता येतो. चांदीपुऱ्याचे बळी बहुतांशी कच्च्या घरांतले असतात हे ध्यानात घेतले, तर घरकुलाचा हप्ता वेळेवर मिळणे हेसुद्धा मेंदूज्वर-प्रतिबंधात मोजायला हवे.

चांदीपुरा विषाणू रेबीजच्याच कुळातला आहे. रेबीज हाही मेंदूचाच दाह, एकदा लक्षणे उमटली की जवळपास अटळ मरण देणारा, आणि तरीही सर्वांत खात्रीने टाळता येणारा. कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. जखमेवर हळद, तिखट किंवा चुना भरण्याची रीत अजून गेलेली नाही, ती जायला हवी. गोवरही याच यादीत. गोवर झालेल्या हजारातल्या एखाद्या मुलाला मेंदूज्वर होतो आणि फार थोड्यांना तर बरे झाल्यावर कैक वर्षांनी मेंदू झिजवणारा असाध्य आजार गाठतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत गोवराने मुले दगावली. त्यांतली बरीच लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली होती.

केरळने २०१८ मध्ये निपाहचा धडा घेतला तो वेगळ्या वाटेने. कोळिकोड-मलप्पुरम भागात १७ जण गेले आणि बहुतेकांना लागण रुग्णालयात, आजारी माणसाच्या शेजारी राहून झाली होती. तिथे मास्क, हातमोजे आणि भेटायला येणाऱ्यांची गर्दी रोखणे हाच प्रतिबंध होता. बांगलादेशात हाच विषाणू खजुराच्या कच्च्या रसातून येतो, कारण रात्री वटवाघळे मडक्यावर येऊन बसतात. तिथे मडक्यांना बांबूच्या झापा बांधायला शिकवले गेले. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांच्या २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत दोन दिवस खळबळ उडाली. माणसांत एकही रुग्ण नव्हता. झाडाखाली पडलेले, चोच-दात लागलेले फळ खाऊ नये आणि वटवाघळांच्या मागे दगड घेऊन लागू नये, एवढेच त्यातून घ्यायचे.

टाळण्याच्या सगळ्या खबरदारीनंतरही आकडी येते, तेव्हा पहिल्या तासाभरात घरातली माणसे काय करतात यावर पुष्कळ ठरते. मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, आकडी किती वेळ चालली ते घड्याळात बघावे आणि १०८ ला फोन करावा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जी मिनिटे जातात तीच नेमकी मोलाची असतात. भगताकडे नेण्याचा आग्रह धरणारी आजी घरात असेल तर तिलाही गाडीत बसवून न्यावे, पण गाडी दवाखान्याकडेच जावी. डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी घरच्यांनाच ठाऊक असतात: मूल रात्री जेवले होते का, गोठ्यात किंवा शेतात झोपले होते का, कुत्रे चावले होते का, तळ्यात पोहताना नाकात पाणी गेले होते का. शेवटचा प्रश्न केरळमध्ये हल्ली आवर्जून विचारतात. साचलेल्या गोड्या पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूत शिरतो, पाणी प्यायल्याने नव्हे.

गुजरातेत साबरकांठा आणि आसपासच्या जिल्ह्यांतून सुरू झालेली २०२४ ची साथ ही गेल्या दोन दशकांतली चांदीपुऱ्याची सर्वांत मोठी साथ ठरली. जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत एईएसचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू होते. चांदीपुरा विषाणू पक्का सापडला तो त्यांतल्या ६४ जणांत, ६१ गुजरातचे आणि तीन राजस्थानचे. उरलेल्या १८१ जणांवर चांदीपुऱ्याची मोहोर उमटली नाही. त्यांच्या गावांत, गोठ्यांत, ताटांत आणि लसीच्या कार्डांत काय होते, हा शोध रुग्णालयाच्या खाटेपाशी लागत नाही, आणि पुढची प्रकरणे मुख्यतः त्याच दिशेने जातात.